जावयाची गाडी

११ जानेवारी

कूलंट. ब्रेक ऑइल. इंजिन ऑइल. एसीचा गॅस. काच धुवायचं निळं पाणी! या गाडीच्या अंगात माझ्यापेक्षा जास्त रस आहेत आणि त्यातला एकही धड नाही, असं आज कळलं.

सर्व्हिसिंगला नेली होती — पहिल्यांदाच. मला वाटलं, गॅरेज असेल. ग्रीसचा वास, कुणीतरी गाडीखाली आडवं पडलेलं. आत शिरलो तर दिवाणखाना! पांढरे सोफे, काचेची भिंत, आणि सगळीकडे लिंबाचा खोटा वास. भिंतीपलीकडे गाड्या वर उचलून धरलेल्या, पण एकाही माणसाचे हात काळे नाहीत. मला कॉफी दिली ती एवढ्याशा कपात. माझ्या चष्म्याच्या दुकानात काचा पुसायच्या बाटलीचं झाकण याहून मोठं असतं.

मग सर्व्हिस ॲडव्हायजर आला. तरुण, गुळगुळीत, आवाज असा की कानावरून कुणी मऊ कापड फिरवतंय. मी त्याचं नाव मखमल ठेवलं.

‘सर, ब्रेक ऑइल काळं पडलंय. बदलून टाकू या?’ नको कसं म्हणणार? ब्रेकला नको म्हणणारा माणूस जगात सापडेल का? ‘कूलंटही फ्लश करू या, सर.’ करा. ‘आणि इंजिनमध्ये टाकायला एक बाटली येते...’ ती कशाला, तर म्हणाला, ‘इंजिनला बरं वाटतं, सर.’

इंजिनला बरं वाटतं!

गिअरबॉक्सच्या ऑइलचं मीच विचारलं. सगळं बदलतोच आहात तर तेही बदला. तर म्हणे, ‘त्यात हात घालायचाच नाही, सर. ते लाइफटाइम ऑइल.’ हयातभर बदलायचं नाही म्हणे. कुणाच्या हयातभर? — तर नुसता हसला. दात छान आहेत मेल्याचे.

१२ जानेवारी

बिल आलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तोच.

१४ जानेवारी

ही विचारते, तोंड कडू का? काय सांगू? फुकट मिळालेल्या गाडीबद्दल कुरकुर करणारा माणूस कुणाला आवडतो!

जावयांनी दिली. मागच्या महिन्यात लेक आणि जावई दोघं आले, चावी एका लाल डबीत घातलेली. त्यांनी स्वतःसाठी दुसरी घेतली, ही चार-पाच वर्षांची. लेक म्हणाली, ‘बाबा, जन्मभर लोकांच्या डोळ्यांची काळजी केलीत, आता जरा लोकांच्या डोळ्यांत भरा!’ वाक्य आधीपासून पाठ करून आली असावी. छान वाक्य होतं. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. कशाला खोटं बोलू — वहीशी तरी?

जावई फारसं बोलले नाहीत. ते कधीच फार बोलत नाहीत. डबी लेकीनेच माझ्या हातात ठेवली.

दुकान चालत जाण्याच्या अंतरावर. जुनी गाडी विकली तेव्हापासून गाडी हवी होती कुणाला? पण हिचा गुडघा आहे. हिला मेव्हणीकडे न्यायला बरी, असं म्हटलं. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक तर रोज तिच्याभोवती एक फेरी मारतात आणि ‘वा!’ म्हणतात. त्यांना म्हणावं, वा म्हणायला पैसे पडत नाहीत.

१९ जानेवारी

मखमलचा फोन. ‘सर, तुमच्या गाडीची कंपनीची वॉरंटी केव्हाच संपली. एक्स्टेंडेड घेऊन ठेवा. इंजिन, गिअरबॉक्स, सगळं त्यात येतं. मनःशांती, सर.’

मनःशांती विकायला निघालाय! मी म्हटलं, माझी शांती तुमच्या फोनपर्यंत ठीक होती. हा हसला. याला कशानेच काही लागत नाही, रेनकोटावरून पाणी जावं तसं.

गिऱ्हाइकाला जास्तीचं मीही विकतो. काचेवर कोटिंग घ्या म्हणतो. पण नको म्हटलं की विषय संपला. पुढच्या मंगळवारी फोन करून ‘आंधळे व्हाल हं’ असं सांगत नाही!

ही म्हणाली, घेऊन टाका, या गाड्यांचा एक नट गेला तरी घर विकावं लागतं असं ऐकलंय. घेतली. डोळे तपासायचं नवं यंत्र घ्यायला ठेवलेल्या पैशातून. जुन्या यंत्राची मान आता सुतळीने बांधली आहे. म्हातारी गिऱ्हाइकं हनुवटी टेकवताना माझ्याकडे संशयाने बघतात.

२ फेब्रुवारी

गाडी आठवडाभर कुठे गेली नाही. तरी धुवावी लागली.

८ फेब्रुवारी

लेकीकडे जेवायला गेलो. वाटेत सिग्नलवरून निघताना गाडीने हिसका दिला. मागून कुणी ढोपर मारावं तसा. पुढच्या सिग्नलला परत. ही म्हणाली, ‘अहो, हळू!’ मी हळूच होतो. गिअर गाडी आपणच बदलते, माझा त्यात हात कुठे?

जेवताना विषय काढला. जावयांचा घास हातातच राहिला. लेक लगेच म्हणाली, ‘बाबा, तुम्ही जुन्या सवयीने पाय मारत असाल. ही गाडी तिच्या कलाने घ्यावी लागते.’ असेल बुवा.

निघताना जावई खाली सोडायला आले. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, ‘बाबा, ही गाडी...’ तेवढ्यात वरून लेकीने हाक मारली, काहीतरी राहिलं म्हणून. ते गेले. आम्ही थोडं थांबलो आणि निघालो.

मितभाषी माणूस. मला आवडतात.

१५ फेब्रुवारी

मखमलने गाडी फिरवून आणली. मी शेजारी बसलेलो. एकदाही हिसका नाही! दुखरा दात डॉक्टरसमोर गप्प बसतो तशी. मग परत दारात शिरताना एक बसला, चांगला दणदणीत. मी म्हटलं, हा! हाच! तर म्हणे, ‘हे नॉर्मल आहे, सर. हे या गाड्यांचं कॅरेक्टर आहे.’

माझ्या जुन्या गाडीत होती त्या सगळ्या खोडी. या गाडीत आहे ते कॅरेक्टर.

वर तपासणीचे पैसे. तो लिंबाचा वास अंगाला चिकटला. घरी आल्यावर शर्ट धुवायला टाकला.

३ मार्च

अक्षर लागलं तर लागलं.

मेव्हणीकडे निघालो होतो, मोठ्या पुलावरून. पूल मध्यावर चढतो तिथे गाडीने हिसका दिला, मग आणखी एक, आणि मग काहीच नाही. इंजिन गर्जतंय आणि गाडी जागची हलत नाही! मी पाय दाबतोय, आवाज वाढतोय, आणि गाडी तशीच मधल्या रांगेत उभी. मग हळूहळू मागे सरायला लागली.

ब्रेक दाबून धरला. आरशात पाहिलं तर ट्रक. एक डावीकडून गेला, भोंगा वाजवत. दुसरा उजवीकडून. त्यांच्या वाऱ्याने गाडी हादरली.

हिला म्हटलं, उतर. ही म्हणाली, ‘गुडघा वळत नाहीये.’ शांतपणे म्हणाली. मला तेच सहन होईना. ओरडली असती तर बरं झालं असतं! हँडब्रेक लावला, दिवे लुकलुकते केले आणि माझ्या बाजूने उतरून, गाडीला चिकटून, वळसा घालून तिच्या दाराशी गेलो. दार उघडलं. तिला काखेत धरून ओढली. अक्षरशः ओढली, पोतं ओढावं तशी. ती कठड्याशी पोचते न पोचते तोच पाठीमागे असा काही ब्रेक लागला की रबराचा धूर नाकात गेला. पाण्याचा टँकर. आमच्या गाडीच्या डिकीपासून वीतभर अलीकडे थांबला.

चालक खाली उतरला. मला वाटलं, शिव्या घालणार. घातल्याही. पण शिव्या घालता घालताच टँकर आडवा लावला, मागची वाहनं वळवली आणि आम्हाला म्हणाला, ‘काकू, खाली बसा आधी.’ ही फुटपाथवर बसली. कठड्याला पाठ लावून. मी तिच्याजवळ बसलो. कितीतरी वेळ आम्ही दोघं त्या गाडीकडे बघत होतो. लख्ख दिसत होती. कालच धुतली होती.

गाडी उचलून नेली. आम्ही रिक्षाने घरी. घरी आल्यावर हिला उलटी झाली.

४ मार्च

गुडघा सुजून टम्म. डॉक्टर म्हणाले, आतली दोरी ताणली गेलीय, महिनाभर पाय टेकवायचा नाही. ओढताना झालं. माझ्याच हातून.

लेकीला फोन केला. पुलाचं सांगितलं, आणि ती जी रडायला लागली ती थांबेचना. मीच तिची समजूत काढली. ‘अगं, आई बरी आहे. वाचलो ना आम्ही!’ तशी जास्तच. मग फोन ठेवला तिने. मायाळू आहे पोर.

७ मार्च

किळस. दुसरा शब्द नाही.

मखमलने बोलावलं होतं. परत तो सोफा, परत ती बोटभर कॉफी. मी कपाला हात लावला नाही. ‘सर, गिअरबॉक्स गेला. पूर्ण बदलावा लागेल.’ मी म्हटलं, बदला. वॉरंटी आहे. त्याने आवाज आणखी मऊ केला — तेव्हाच मी समजायला हवं होतं. ‘क्लेम बसत नाही, सर. दोष आधीपासूनचा आहे.’

‘आधीपासूनचा म्हणजे? कुणी ठरवलं?’

‘सर, गाडीच्या आधीच्या मालकांना आम्हीच सांगितलं होतं. गिअरबॉक्स जाणार म्हणून. खर्चाचा अंदाजही दिला होता. ते म्हणाले, नको.’

‘कधी?’

‘गाडी तुमच्या नावावर व्हायच्या थोडं आधी, सर.’

कानात भुंगा शिरल्यासारखं झालं. पुढचं काही वेळ ऐकूच आलं नाही. त्याचे ओठ हलत होते आणि दात दिसत होते.

मग म्हटलं, तुम्हाला माहीत होतं. तरी मला वॉरंटी विकलीत? म्हणाला, ‘वॉरंटीचा विभाग वेगळा आहे, सर.’ आणि हिसके दाखवायला आलो तेव्हा? ‘त्या दिवशी मला नॉर्मल वाटली, सर.’ आणि ते ऑइल? हयातभराचं? तर हा काय म्हणतो! ‘हयात म्हणजे गिअरबॉक्सची हयात, सर. तो गेला, म्हणजे ऑइलचीही संपली.’

हे बोलताना चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. मी उठलो. बाहेर येऊन पायरीवर बसलो. एक माणूस येऊन म्हणाला, ‘सर, इथे बसता येणार नाही, आत सोफा आहे.’

८ मार्च

मखमल परका. त्याचा धंदाच तो. पण घरचा माणूस?

लाल डबी! डबीत घालून दिली. आपल्या गळ्यातलं काढून म्हाताऱ्याच्या गळ्यात घातलं आणि वर नमस्कार केला. त्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला तेव्हा माहीत होतं त्याला. घास हातात राहिला तेव्हा माहीत होतं. आणि मी इथे, याच वहीत लिहिलं — मितभाषी, मला आवडतात!

यापुढे अहो-जाहो बंद. निदान इथे तरी.

१० मार्च

हिला सांगितलं. सांगणार नव्हतो, पण चेहऱ्यावरून ओळखलंच तिने. पलंगावर पाय उशीवर घेऊन पडली होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘पोरीला यातलं काही ठाऊक नसणार. तिच्या कानावर घालू नका. तिला त्याच्याशी जन्म काढायचाय.’

‘आणि तू त्या पुलावर...’

‘मी आहे ना इथे? मग झालं.’

झालं कसं! दुकानात दिवसभर चुका केल्या. एका बाईला डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली. ती दारापर्यंत जाऊन परत आली. म्हणाली, ‘जग कलतंय हो.’ तिला हसून म्हटलं, बरोबर आहे.

११ मार्च

वरचे प्राध्यापक: ‘गाडी दिसत नाही?’

‘माहेरी गेलीय.’

१४ मार्च

तो आला. एकटा. लेकीला बरं नाही म्हणाला.

मी दारातच उभा राहिलो, एक हात चौकटीवर ठेवून. त्याने तो हात पाहिला आणि बाहेरच थांबला. हातात फळांची पिशवी.

‘आई कशा आहेत?’

‘तुम्हाला ठाऊक होतं?’ मी सरळच विचारलं. वर्कशॉपने सांगितलं ते सगळं बोललो. आवाज चढला असणार, कारण वरचं दार उघडल्याचं ऐकू आलं. ऐकू दे.

तो म्हणाला, ‘हो. ठाऊक होतं.’

एवढंच! मला वाटलं, सारवासारव करेल. वर्कशॉपवर ढकलेल. चिडेल. चिडला असता तर मीही चार शब्द मोकळे केले असते. हा नुसता उभा. ‘चूक झाली, बाबा. गाडी मी घेऊन जातो. जो काय खर्च झाला असेल तो—’

‘खर्च! माझी बायको त्या टँकरखाली गेली असती म्हणजे खर्च किती झाला असता?’

त्याच्या हातातल्या पिशवीचा आवाज व्हायला लागला. वाजू दे, म्हटलं मनात.

‘माझ्या मुलीला माहीत आहे हे?’

मान खाली होती ती त्याने पटकन वर केली. पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. ‘नाही. तिला यातलं काही माहीत नाही. तिला काही बोलू नका, बाबा. काय बोलायचं ते मला बोला.’

बोललो. इथे लिहिण्यासारखं नाही. नीच म्हणालो. तुझ्या पायरीला पाय लावणार नाही म्हणालो. आयुष्यात गिऱ्हाइकालाही कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तो सगळं ऐकून घेत होता. शेवटी पिशवी दाराशी ठेवली, वाकून नमस्कार केला. मी पाय मागे घेतला. तो गेला.

आतून ही म्हणाली, ‘अहो, आत तरी घ्यायचं.’ फळं खाली कामवाल्या बाईला देऊन टाकली.

किळस येते असल्या माणसांची. चूक झाली म्हणायचं, मान खाली घालायची, की सुटलो! मखमल निदान पगारासाठी खोटं बोलतो.

१५ मार्च

मखमलचा फोन. गाडी जावई उचलून घेऊन गेला, वॉरंटीचे पैसे परत मिळणार नाहीत, आणि — ‘सर, एक विनंती होती. कंपनीतून तुम्हाला फोन येईल. आमच्या सेवेला दहापैकी दहा द्याल ना?’

१७ मार्च

लेक आली. पर्स खांद्यावरच, तशीच आईच्या पलंगाशी जाऊन बसली. सुजलेल्या गुडघ्याकडे बघत होती. माझ्याकडे बघितलं नाही.

‘बाबा, त्याला काही बोलू नका. तो पहिल्यापासून म्हणत होता, बाबांना खरं सांगून टाकू. मीच नको म्हटलं. तशी कुणी घेईना गाडी, घेतली तर मातीमोल. मला वाटलं, तुम्ही चालवता तरी किती!’

हिने भिंतीकडे तोंड केलं.

जावई त्या दिवशी इथे दारात उभे होते. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.